निरंक

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. महाराष्ट्र विधानसभेचे अर्ज मागे घ्यायची मुदत काल संपली. २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उरलेत. मतदान २० तारखेला.

सकाळी ६.१५
सांगलीतलं दोन खोल्यांचं घर. ताईंनी डबे भरले, ओट्याशेजारचं टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला. शून्याचं बटण झिजून गुळगुळीत झालंय. उमेदवाराचं एक शपथपत्र तक्त्यात टंकायचे चाळीस रुपये. दिवसाला बारा-तेरा होतात. नेटचा रिचार्ज पदरचा.

७.००
निवडणूक आयोगाच्या साइटवरून उतरवलेला नमुना २६, म्हणजे शपथपत्र. हाताने लिहिलेला, स्कॅन तिरका. नोटरीचा जांभळा शिक्का नेमका ठेवीच्या आकड्यावर बसलाय. ३ की ८? ताई पान मोठं करून बघतात. उमगत नाही. मग बाकीच्या रकमा कागदावर मांडून शेवटच्या गोषवाऱ्याशी ताळा लावतात. ३ धरला तरच बेरीज जुळते. "अंदाजानं ८ टाकला असता तर या माणसाच्या नावावर पन्नास लाख जास्तीचे चढले असते."
एका आकड्याला अकरा मिनिटं. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

९.३०
गुन्ह्यांचा रकाना. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कोर्ट, कलमं. ताईंना कलमं पाठ झालीत. जुन्या दंड संहितेतलं १४३ म्हणजे बेकायदा जमाव. ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेल्यालाही तेच लागायचं. ४२० म्हणजे फसवणूक. नुसतं 'गुन्हे : ४' लिहिलं तर दोघे एकाच मापाने मोजले जातील, म्हणून त्या प्रत्येक कलम वेगळं टाकतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

दुपारी १२.४०
रकाना कोरा ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं बजावलंय. म्हणून पानोपानी 'निरंक'. वाहन निरंक. विमा निरंक. एका अपक्षाच्या शपथपत्रात पत्नीचं पाच ग्रॅम सोनं सोडलं तर सगळंच निरंक.

२.००
भाकरी, वांग्याची भाजी. वीज गेली, तासाने आली.

३.१०
आता जुनं-नवं शेजारी शेजारी. एका उमेदवाराचं २०१९चं शपथपत्र डावीकडे, यंदाचं उजवीकडे. गट नंबर तोच, त्यापुढे नवे तीन गट. उत्पन्नाचा स्रोतही लिहावा लागतो, २०१८च्या निकालापासून. इथे लिहिलंय : 'शेती व व्यवसाय'. पाच वर्षांत तीन गट जमीन, आणि खुलासा एवढाच. मी त्या ओळीपाशी अडकले. ताईंनी शेरा मारला नाही. जसं होतं तसं उतरवलं.

संध्याकाळी ६.३०
शेजारचे आबा आले. निवृत्त शिक्षक. आपल्या मतदारसंघाचा तक्ता झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलाय, पानाला दोन रुपये. रोज कट्ट्यावर चारजणांना वाचून दाखवतात.
"पोरी, हा उमेदवार मागं दारात आला तेव्हा म्हणाला होता, बँकेचं कर्ज डोक्यावर आहे. इथं तर कर्ज निरंक."
"थांबा आबा, मूळ पान बघते."
ताईंनी फाइल शोधली. सातवं पान. २०१९चंही काढलं. दोन्हीकडे तोच शब्द, खाली सही, शिक्का.
"तेव्हाही निरंकच होतं, आबा."
"परवा प्रचाराला येणार आहे आपल्या गल्लीत."
आबांनी खिशातली पेन्सिल काढली आणि त्या शब्दाखाली रेघ ओढली.