'विम्पी किड'च्या लेखकाने पुस्तकांचं दुकान का काढलं?

आजचा भाग एका दुकानाबद्दल आहे. दुकान पुस्तकांचं आहे, अमेरिकेत आहे आणि ज्याने ते काढलं त्याला दुकान चालवायची काहीच गरज नव्हती.

त्या माणसाचं नाव जेफ किनी, 'डायरी ऑफ अ विम्पी किड'चा लेखक. तुमच्यापैकी काहींनी ही पुस्तकं शाळेत बाकाखाली धरून वाचली असतील. वहीसारखी रेघांची पानं, काड्यांसारखी माणसं आणि ग्रेग नावाचा आळशी, थोडा आपमतलबी पोरगा. पहिलं पुस्तक २००७ मध्ये आलं. आज ही मालिका ६० हून जास्त भाषांत आहे आणि तिच्या २५ कोटींपेक्षा जास्त प्रती विकल्या गेल्यात.

मला किनी आवडतो त्याचं आणखी एक कारण म्हणजे तो आपल्या धंद्यातला आहे. तो ऑनलाइन गेम डिझाइन करायचा. 'पॉपट्रॉपिका' ही मुलांची गेमची साइट त्याच्याच डोक्यातली. ग्रेगची डायरीसुद्धा छापील पुस्तकाच्या आधी, २००४ पासून, 'फनब्रेन' नावाच्या साइटवर फुकट वाचायला मिळायची. म्हणजे हा माणूस इंटरनेटवरच मोठा झाला.

आणि याच माणसाने २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लेनव्हिल या छोट्या गावात पुस्तकांचं दुकान उघडलं. गावाच्या मधोमध एक जुनं जनरल स्टोअर कित्येक वर्षं बंद पडलं होतं. किनी आणि त्याची बायको ज्युली यांनी ती जागा घेतली आणि तिथे तीन मजली इमारत बांधली. खाली दुकान आणि कॅफे, वर कार्यक्रमांसाठी हॉल, त्याच्या वर किनीची लिहायची जागा. दुकानाचं नाव 'अ‍ॅन अनलाइक्ली स्टोरी', म्हणजे घडेल असं कुणाला वाटलंच नसतं अशी गोष्ट.

आता प्रश्न असा, की ज्याची पुस्तकं एका क्लिकवर जगभर जातात, त्याला हे कशाला सुचलं? त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण एक इंजिनीअर म्हणून मला जे दिसतं ते सांगतो.

ऑनलाइन दुकान दोन गोष्टींवर चालतं, सर्च आणि रेकमेंडेशन. सर्चला तुम्हाला काय हवंय हे आधी माहीत असावं लागतं. आठ वर्षांच्या पोराला ते माहीत नसतं. त्याला गोष्ट हवी असते, पण कुठली ते त्याला पुस्तक समोर आल्यावरच कळतं. सर्च बॉक्समध्ये तो टाइप काय करणार?

रेकमेंडेशनला तुमचा इतिहास लागतो. तुमच्यासारख्या लोकांनी काय घेतलं, त्यावरून सिस्टीम अंदाज बांधते. इतिहासच नसेल तर सिस्टीम अडते. आमच्या भाषेत याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. लहान मूल म्हणजे कायमचा कोल्ड स्टार्ट. एक तर अकाउंट आईचं. त्यात कुकरची शिटी, बाबांचे मोजे आणि मागच्या वर्षी घेतलेलं एक चित्रांचं पुस्तक. त्यात मूल दर सहा महिन्यांनी बदलतं. काल डायनासोर, आज भुताच्या गोष्टी. मग सिस्टीम सगळ्यात सोपं काम करते, जे सगळ्यात जास्त खपतं तेच पुढे करते. मी भाचीसाठी मराठी पुस्तकं शोधतो तेव्हा तीच दहा-बारा मुखपृष्ठं फिरून फिरून समोर येतात.

दुकानातला जाणता माणूस वेगळं करतो. तो पोरालाच विचारतो, "मागचं कुठलं आवडलं? त्यात काय आवडलं?" आणि उत्तर ऐकून कधीकधी भलतंच पुस्तक हातात ठेवतो. मुलाला ते चाळता येतं, नाही पटलं तर परत ठेवता येतं.

किनीची स्वतःची गोष्टच बघा. ग्रेगची डायरी त्याने मोठ्यांसाठी लिहिली होती, बालपण आठवून हसावं म्हणून. हे मुलांचं पुस्तक आहे हे ओळखलं ते प्रकाशकाकडच्या लोकांनी. पुस्तक कुठल्या शेल्फवर जायला हवं, हे खुद्द लेखकाला कळलं नव्हतं. ते एका वाचणाऱ्या माणसाला कळलं.

असं दुकान काढणारा किनी एकटा नाही. ज्युडी ब्लूम या अमेरिकेतल्या फार मोठ्या बालसाहित्यिक. वयात येणाऱ्या मुलींचे प्रश्न त्यांनी १९७० पासून उघडपणे लिहिले, आणि त्यापायी त्यांची पुस्तकं शाळांच्या वाचनालयांतून काढून टाकायच्या मागण्या वर्षानुवर्षं होत राहिल्या. त्यांनी २०१६ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, नवऱ्याबरोबर फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटावर ना-नफा तत्त्वावर पुस्तकांचं दुकान सुरू केलं. नुसतं नाव देऊन त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्या स्वतः दुकानात उभ्या राहून लोकांना पुस्तकं सुचवायच्या. शाळेच्या कपाटातून गेलेलं पुस्तक एखाद्या मुलीला कुठेतरी मिळायला हवं ना!

आता पैशाचं बोलू, कारण नुसत्या प्रेमावर दुकान चालत नाही. अमेरिकेत दुकानदाराला छापील किमतीवर साधारण ४० टक्के सूट मिळते. १५ डॉलरच्या पुस्तकामागे ६ डॉलर. त्यातून भाडं, वीज, पगार. एक सोय मात्र आहे. न खपलेली पुस्तकं प्रकाशकाला परत करता येतात. ही पद्धत १९३० च्या दशकातल्या मंदीत रुळली. त्यामुळेच छोटं दुकानही अनोळखी लेखकाला शेल्फवर जागा देऊ शकतं. तरीही २०११ मध्ये 'बॉर्डर्स' ही देशभर शेकडो दुकानं असलेली साखळी बंद झाली.

आणि इथे आपला फोन येतो. दुकानात जायचं, पुस्तक चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि घरी येऊन स्वस्तात मागवायचं, हे आपण सगळेच करतो. पण पुस्तक शोधून द्यायचं काम केलं दुकानाने आणि पैसे गेले दुसरीकडे. असं वर्षभर चाललं की आधी मुलांचं कपाट छोटं होतं, कारण तिथे पानं चुरगळतात आणि नफा कमी. मग उरतं फक्त अभ्यासाचं आणि स्पर्धा परीक्षांचं. आपल्याकडच्या किती दुकानांत आज असंच चित्र आहे, आठवून बघा.

प्रत्येक बंद पडलेल्या दुकानासाठी कुणी किनी येणार नाही. म्हणून एकच सुचवतो. या महिन्यात घरातल्या किंवा शेजारच्या एका पोराला दुकानात घेऊन जा. शंभर-दोनशे रुपये त्याच्या हातात द्या आणि निवडू द्या. त्याने भुताचं उचललं तर भुताचं. मध्ये बोलू नका आणि फोन खिशात ठेवा. बिल तिथेच करा.

त्याने काय निवडलं ते मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. आलेल्या नोट्स पुढच्या भागात ऐकू. तोपर्यंत, ऐकत राहा आणि वाचतही राहा!