नवेगावबांध: ढिवरांचं तळं, पुस्तकातलं तळं



गटाची सहल म्हटली की आपण देवस्थान ठरवतो. या हिवाळ्यात एक तळं पाहून येऊ या. बल्लारशा-गोंदिया गाडी मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा करत जाते. अर्जुनीच्या पुढे देवलगावला उतरलं की नवेगावबांध जवळच आहे.

सुमारे 11 चौरस किलोमीटरचं हे तळं कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी बांधलं, असं मानतात. टेकड्यांच्या मधे पाळ घालून पाणी अडवलं. त्या पाण्यावर खाली धान पिकतं आणि तळ्यातल्या मासोळीवर ढिवर कुटुंबं जगतात. तळ्यात मालडोंगरी नावाचं बेटही आहे.

मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. ते मूळचे सोलापूरचे. इथली पाखरं, मासोळ्या, झाडं त्यांनी इथल्याच माणसांकडून समजून घेतली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं. पुढे त्यांनी पक्षिकोश आणि मत्स्यकोशही केले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले.

जपानमध्येही असंच एक ठिकाण आहे. कामिशिमा हे मासेमारांचं छोटं बेट. युकिओ मिशिमा या लेखकाने तिथे राहून 1954 साली कादंबरी लिहिली. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बाया तिच्यात आहेत. दोन्हीकडे लिहिणारा बाहेरून आला, पण माहिती तिथे राबणाऱ्यांची होती.

म्हणून नवेगावला फक्त फोटो काढून परतू नका. ढिवर बायांशी बोला. मरळ, शिंगी, झिंगे कुठे सापडतात? कोणत्या पाणवनस्पतीत मासोळी अंडी घालते? बेशरम वाढली की काय होतं? बेशरमीने तळ्याचे काठ भरले की गावठी पाणवनस्पती जातात, त्यांच्यासोबत लहान मासोळीही जाते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी तळ्यांतली बेशरम उपटून गावठी वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. हे काम आपल्या गावच्या बोडीतही करता येईल.

जाण्याआधी वनविभागाकडे प्रवेशाची वेळ आणि शुल्क विचारून घ्या. परत आल्यावर गटाच्या रजिस्टरात चार पानं राखून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या बायांना माहीत असलेल्या मासोळ्यांची, पाणभाज्यांची नावं त्यांत लिहा. लिहिणारा कोणी बाहेरून येईलच असं नाही, आणि त्या आज्या काही कायमच्या नाहीत.