फोटोखालच्या दोन ओळी

आमच्या तरुणपणी छत्तीस फोटोंचा रोल एका लग्नात घातला, की उरलेले चार-पाच फोटो पुढच्या बारशापर्यंत जपून ठेवावे लागत. आता शाळकरी मूलही मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढते. त्यात वाढदिवसाचा केक असतो, सहलीतला धबधबा असतो; पण रोजचा कचरा नेणारा माणूस किंवा शेजारच्या बांधकामावर विटा वाहणारी बाई सहसा नसते.

ही चौकट बदलली की काय घडते, ते लुईस हाइनने दाखवले. न्यूयॉर्कमधला हा शिक्षक १९०८ साली शाळा सोडून राष्ट्रीय बालकामगार समितीचे काम करू लागला. अमेरिकेतल्या सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी त्याने पालथ्या घातल्या. मालक आत घेत नसत, म्हणून कधी तो बायबल विकणारा होई, कधी पोस्टकार्डे विकणारा. मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायची आणि खिशातल्या खिशात टिपणे करायची, ही त्याची रीत. साउथ कॅरोलिनातल्या एका गिरणीतल्या मुलीच्या फोटोखाली त्याची नोंद आहे : उंची ४८ इंच, कामावर सहा महिने.

माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला या नोंदीचे मोल फार वाटते. तारीख नाही, सही नाही असे व्हाउचर आम्ही परत पाठवत असू. नुसता करुण चेहरा पाहून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. ४८ इंच वाचले की आपली दुसरीतली नात डोळ्यांसमोर येते.

अर्थात फोटो पाहिले आणि मुले सुटली, इतके ते सोपे नव्हते. १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा १९१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडले. हाइन १९४० मध्ये हलाखीतच गेला.

आपल्याकडे पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले. ते प्रदर्शन बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दारांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत गेले. लावणी असो, निंदणी असो की झाडलोट, बाई वाकलेलीच. ते फोटो पाहताना मला कर्जाच्या अर्जातला ‘व्यवसाय’ हा रकाना आठवतो. दिवसभर शेतात खपणाऱ्या बाईच्या नावापुढे तिथे हमखास ‘घरकाम’ लिहिलेले असे आणि ती निमूट अंगठा उठवी. सातबारा नवऱ्याच्या नावावर; मग पीककर्ज तिला कोण देणार?

मुलांच्या हाती मोबाइल आहेच. एखाद्या रविवारी त्यांना सांगावे, आपल्या गल्लीत पहाटेपासून कोण कोण राबते ते पाहून या. आधी नाव विचारा, दोन शब्द बोला, फोटो काढू का म्हणून विचारा. नको म्हणाले तर काढू नका. काढलात तर खाली लिहा : तारीख, काम, किती तास, किती मजुरी. एक प्रत त्यांनाही नेऊन द्या. मग जेवायच्या वेळी ती नोंद मुलांनी मोठ्याने वाचावी आणि थोरांनी ऐकावी. मजुरीचा तो आकडा पुष्कळदा आपणच ठरवलेला असतो.