हिवाळा, बंद खिडकी आणि न्हाणीघरातील ओल

थंड प्रदेशांतील घरांत हिवाळ्याच्या सकाळी न्हाणीघराची काच आतल्या बाजूने पाझरू लागते. बाहेर धुके असते, छपरावर बर्फ असते. तेव्हा ही ओल बाहेरूनच आत शिरली असावी, असे घरातील माणसांना वाटते आणि ती खिडकी अधिकच घट्ट लावून घेतात. वस्तुतः ती ओल आतलीच असते आणि तिला बाहेर पडण्याची वाट नेमकी त्या बंद खिडकीने अडविलेली असते.

हे विपरीत वाटेल; परंतु हवेचा स्वभावच तसा आहे. हवा जितकी उष्ण, तितके अधिक पाणी ती बाष्परूपाने सामावून घेते. २० अंश सेल्सिअस तपमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. शून्य अंशावर हीच मर्यादा पाच ग्रॅमच्याही खाली येते आणि उणे १० अंशांवर ती सव्वादोन ग्रॅमच्या आसपास उरते. म्हणजे बाहेरची हवा कितीही दमट भासली, तरी तिच्यात पाणी असे फारसे नसतेच. उणे १० अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली जाते. ती कोरड्या फडक्यासारखी ओल टिपून घ्यावयास सिद्ध असते.

उलट, ऊन पाण्याच्या स्नानानंतर न्हाणीघरातील हवा बाष्पाने तुडुंब झालेली असते. ती थंड पृष्ठभागाला टेकली, की तिला पेलत नाही तेवढे पाणी थेंबांच्या रूपाने सुटते. एकेरी काच बाहेरच्या कडाक्याने गोठणबिंदूच्या जवळ पोहोचते, म्हणून थेंब प्रथम तेथे दिसतात. काच निदान पुसता तरी येते. खरी चिंता असते ती बाहेरच्या भिंतीचे कोपरे, छताच्या कडा आणि कपाटामागची जागा यांची. तेथे थेंब दिसावे लागतच नाहीत. खोलीतील हवा २० अंश तपमानाची आणि केवळ ५० टक्के आर्द्रतेची असली, तरी भिंत १२.६ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. बुरशीला तेवढे पुरते. भिंतींच्या उष्णतारोधनाचे जर्मन मानक याच आकड्याच्या आधाराने ठरविलेले आहे.

आपल्याकडील जुन्या वाड्यांत हा प्रश्न फारसा नव्हता. न्हाणीघर मागील अंगाला, तेथे तांब्याचा बंब, वर कौले. वाफ आणि धूर दोन्ही कौलांच्या फटींतून निघून जात. ग्वाल्हेरला जानेवारीतील पहाट कितीही बोचरी असली, तरी दुपारच्या उन्हात भिंत वाळून जाते. उत्तरेकडील देशांत ते ऊन महिनोन् महिने पुरेसे मिळत नाही आणि न्हाणीघर घराच्या पोटातच असते.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे इंग्लंडमधील रॉचडेल येथे दिसून आले. तेथील एका लहानशा भाड्याच्या घरात २०२० च्या डिसेंबरमध्ये दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. घरातील बुरशीचा दीर्घकाळ संसर्ग झाल्याने जडलेला श्वसनाचा विकार हे त्याचे कारण होते, असा निष्कर्ष २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चौकशीअंती निघाला. बुरशीबद्दलची पहिली तक्रार वडिलांनी २०१७ मध्येच केली होती. कुटुंब मूळचे सुदानचे. घराची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्या राहणीविषयी, अगदी बादलीतून पाणी घेऊन अंग धुण्याविषयीसुद्धा, तर्क लढविले होते. ते चुकीचे होते, हे तिने पुढे कबूल केले. चौकशीत ठरले ते असे, की बुरशी नित्याच्या साध्या व्यवहारांतून आणि परिणामकारक वायुवीजनाच्या अभावी वाढली. ज्यांच्या घरी बादली-तांब्यानेच स्नान होते, त्या वाचकांना यातील अन्याय वेगळा समजावून सांगावयास नको. त्या बालकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचा पहिला टप्पा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. सामाजिक गृहसंस्थांना ओल व बुरशीच्या गंभीर धोक्याची तपासणी आता दहा कामकाजी दिवसांत करावी लागते. तातडीच्या धोक्यात तर २४ तासांच्या आत पावले उचलावी लागतात.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय खिडकीचाच. जर्मनीत हिवाळ्यात ती पाच-दहा मिनिटे सताड उघडून पुन्हा लावण्याचा प्रघात आहे. तेवढ्यात ओली हवा जाऊन कोरडी हवा येते, पण भिंतींतील ऊब टिकते. खिडकी वरून तिरकी करून तासन् तास ठेवणे मात्र घातक. तिच्याभोवतीची भिंत गारठते आणि बुरशी तेथेच धरते.

खिडकी नसेल तेथे हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. इंग्लंडच्या नियमांनुसार तो सेकंदाला १५ लिटर हवा काढणारा असावा. १० घनमीटरांच्या न्हाणीघरातील हवेइतकी हवा तो सुमारे अकरा मिनिटांत बाहेर टाकतो. मात्र भिंती व पंचे वाळेपर्यंत, म्हणजे स्नानानंतरही बराच वेळ, तो चालू ठेवावा लागतो. नळी थेट घराबाहेर निघाली पाहिजे. कॅनडात व उत्तर अमेरिकेत ती पोटमाळ्यातच सोडून दिलेली आढळते. मग वाफ छपराच्या आतून हिम होऊन चिकटते आणि थंडी ओसरताच छतातून पाणी गळू लागते. पोटमाळ्यातून जाणाऱ्या नळीला उष्णतारोधक वेष्टण नसले, तर तिच्या आतच पाणी साचते. ऊब वाया जाते ही तक्रार रास्त आहे. तिच्यावरील उत्तर कॅनडातील रेजायना येथे १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घरात दिसले. बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र तेथे बसविले होते.

पंखा खरोखर ओढतो की नुसताच गुणगुणतो, हे पाहण्यास पातळ कागदाचा कपटा पुरतो. दार लावून तो जाळीशी धरावा; कागद चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला, तर आधी दाराखाली बोटाच्या जाडीएवढी फट आहे का, ते पाहावे. हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंख्याला बाहेर टाकावयास ती मिळणार तरी कोठून?