निकामी सौर पॅनेलांची विल्हेवाट

वसईच्या वाड्यांत पाणी उपसण्यास पूर्वीं रहाट असत. पुढें विजेचे पंप आले आणि आतां सूर्यप्रकाशावर चालणारे पंप येत आहेत. रहाट मोडला तर त्याचें लांकूड चुलींत जाई व मडकीं मातींत मिळत. सौर पॅनेलाचें तसें नाहीं. तें निकामी झाल्यावर काय करावें, याचा विचार बागाइतदारांनीं आधींच करून ठेवणें हिताचें आहे.

केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ सालीं व राज्य सरकारची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ सालीं निघाली. पॅनेलाचें आयुष्य सुमारें २५ वर्षें धरतात; म्हणून पुष्कळांस हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु मे २०२१ मधील तौक्तेसारखें वादळ वर्षें मोजीत बसत नाहीं, आणि खारी हवा तारांचे सांधे लवकर खाते.

सर्वसाधारण पॅनेलाच्या वजनांत सुमारें तीन चतुर्थांश कांच असते. बाकीच्यांत ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, सिलिकॉन, थोडें तांबें व अगदीं अल्प चांदी असते. सांध्यांच्या डाखांत बहुधा शिसें असतें. भंगारवाला चौकट व तार तेवढी नेतो. कांचेचा चुरा आपल्या बांधावर राहतो. तो पायांत रुततो, आणि शिसें हळूहळू जमिनींत उतरण्याचें भय असतें. आपल्या किनाऱ्याकडील विहिरी उथळ व जमीन रेताड आहे, हें विसरूं नये. पॅनेल जाळणें तर त्याहूनही वाईट. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

कारखान्यांत प्रथम चौकट व मागील जोडपेटी काढतात. नंतर यंत्रानें किंवा उष्णतेनें कांच व प्लॅस्टिक अलग करतात, आणि आम्लाच्या साहाय्यानें चांदी वेगळी काढतात. फ्रान्समध्यें रूसे येथें असा स्वतंत्र कारखाना २०१८ सालीं सुरू झाला. पॅनेल अखंड मिळालें तरच हें काम नीट साधतें.

आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आहेत. २०३४-३५ पर्यंत निघणारा पॅनेलांचा कचरा साठवून ठेवण्याचें बंधन त्यांनीं उत्पादकांवर घातलें आहे. म्हणजे हा भार शेतकऱ्याचा नाहीं. मात्र आपला माल कोणत्या कंपनीचा, हें त्यास दाखवितां आलें पाहिजे.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

१. पाणी कमी आलें म्हणजे पॅनेल गेलें असें नव्हे. धूळ, माडाच्या झावळीची सावली किंवा सैल झालेली तार हेंही कारण असूं शकतें. आधीं जाणत्याकडून तपासून घ्यावें.

२. पावती, हमीपत्र व पॅनेलामागील क्रमांक यांची नक्कल घरांत जपून ठेवावी.

३. फुटलेल्या पॅनेलांतही उन्हांत वीज असते. ओल्या हातानें शिवूं नये. जाणत्याकडून उतरवून, झांकून, कोरड्या जागीं ठेवावें.

४. पुरवठादारास लेखी कळवावें आणि माल कंपनीच्या किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याच्याच हवालीं करून पोंच घ्यावी.

चौकटीच्या चार पैशांसाठीं विहिरीचें पाणी पणास लावणें शहाणपणाचें नाहीं. एकट्यादुकट्याचीं पॅनेलें थोडीं असतात. गांवच्या सोसायटीनें तीं एकत्र करून पाठविल्यास खर्चही वांटला जाईल.