मोहोर, माश्या आणि कलम २७

फेब्रुवारीत रायपूरभोवतालच्या आमराया मोहोराने लगडतात आणि नेमक्या त्याच वेळी बागांतून दोन कामे जोरात सुरू असतात: तुडतुड्यांसाठी झाडांवर फवारणी आणि झाडांखालची जमीन ‘स्वच्छ’ करणे. दोन्ही कामे शिस्तीची मानली जातात. त्यांचा एकत्रित परिणाम पाहण्याची जबाबदारी मात्र कोणत्याच एका खात्याकडे नाही.

आंब्याच्या मोहोरात नर व द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असतात आणि हजारांतून एखाद्याच फुलाचे पक्व फळ होते. परागीभवनात मधमाशीपेक्षा निरनिराळ्या माश्यांचा वाटा मोठा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील काही बागाईतदार त्यांना बोलावण्यासाठी बागेत सडके मासे टांगतात. या कीटकांना मोहोराच्या आधी आणि नंतरही जगायचे असते. तो आधार एकदांडी, तुंबा अशी बांधावरची उपेक्षित फुले देतात. त्यांवर घिरट्या घालणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावाही फस्त करतात. म्हणजे ज्याला आपण तण म्हणतो, त्यातले काही बागेचे बिनपगारी चाकर आहेत.

सगळेच नव्हेत. गाजर गवताची बाजू कोणी घेऊ नये. त्याचे पराग अन्य पिकांच्या फुलांवर पडले की फळधारणा घटते, असे आढळले आहे. १९५५ साली पुण्यात ते प्रथम लक्षात आले. ते अमेरिकी पीएल-४८० गव्हाबरोबर आले, ही कथा सर्वतोमुखी आहे. पण तो करार ऑगस्ट १९५६चा. फार तर १९५१च्या गहू-कर्जाकडे बोट दाखवता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढी कुरकूर करू द्यावी. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८०च्या दशकात मेक्सिकोहून भुंगा आणला गेला. तो पावसाळ्यात गवत फस्त करतो, पण हिवाळ्यात जमिनीत शिरून निपचित पडतो. वसंताच्या तोंडी, ओलिताच्या बागेत, त्याची मदत मिळत नाही. तेथे फुलण्यापूर्वी उपटणे हाच मार्ग आणि त्याला मजुरी लागते. म्हणून तणनाशकाची बाटली उघडली जाते, आणि ती गाजर गवत व तुंबा यांत फरक करीत नाही. ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत व्हावा, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. बांधावर तिची अंमलबजावणी कोण पाहणार, हा प्रश्न उरतोच.

तुडतुड्यांचे संकट खरे आहे. त्यांच्यापायी हातचे पीक जाते. शेतकऱ्याला फवारू नको म्हणणे हा शहरी उपदेश होईल. प्रश्न वेळेचा आहे. मोहोर फुटताना केलेली फवारणी आणि फुले पूर्ण उमललेली असताना केलेली फवारणी यांत परागवाहकांच्या दृष्टीने जीवन-मरणाचे अंतर आहे. इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइडांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंद केला, तो मधमाश्यांच्याच कारणाने.

आपल्याकडे नवा कायदा करण्याची गरज नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २७ नुसार, माणसांना वा प्राण्यांना धोका दिसल्यास राज्य सरकार विशिष्ट क्षेत्रात एखाद्या कीटकनाशकाची विक्री वा वापर ६० दिवस रोखू शकते; आणखी ३० दिवसांची मुदतवाढही मिळते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने शेतकरी दगावले, तेव्हा महाराष्ट्राने याच मार्गाने पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. आता व्याख्या पाहा: या अधिनियमात ‘प्राणी’ म्हणजे मानवास उपयुक्त प्राणी. मधमाशी त्यात बसत नाही, असे कोणता विधी अधिकारी म्हणेल? आक्षेप येईल की हे कलम चौकशी होईपर्यंतच्या तातडीसाठी आहे. आक्षेप रास्त आहे. मग चौकशी सुरू करावी. रायपूरमध्ये इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे, बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक तणाव व्यवस्थापन संस्था आहे, आणि तण संशोधनाचे केंद्रीय संचालनालय जबलपूरला, म्हणजे शेजारच्या राज्यातच. मधमाशीपालन अभियानासाठी केंद्राने ५०० कोटी रुपये मंजूर केले होते. त्यात पेट्या वाटताना त्या पेट्यांभोवती केव्हा काय फवारले जाते, याचीही नोंद मागता आली असती.

रायपूर जिल्ह्यापुरती, पूर्ण बहराच्या काही आठवड्यांपुरती आणि मोजक्या औषधांपुरती अशी मनाई करून पाहता येईल. सोबत फुलण्याआधी गाजर गवत उपटण्यासाठी मजुरीचे साहाय्य द्यावे आणि बागेत एकाआड एक पट्टाच कापावा. अधिसूचना मात्र जानेवारीअखेर निघायला हवी. मार्चमध्ये निघाली, तर तोवर मोहोर गळून गेलेला असतो.