बांधावरचे गवत आणि चेहऱ्यावरची लाली

चेहऱ्याचा लालसरपणा हा स्वतंत्र आजार नसून त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्याची ती खूण असते. मात्र सावळ्या वर्णावर ती जांभळट किंवा काळपट दिसत असल्याने, पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत चेहरा उन्हाने रापला असे समजून तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. या लालीचे एक महत्त्वाचे कारण तेथील बांधांवरच उगवते, ते म्हणजे गाजरगवत किंवा काँग्रेस गवत.

मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची पुण्यातील नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी १९७४ मध्ये केले. एकेक झाड हजारो बिया टाकते, आणि येडगाव, माणिकडोह, डिंभे या धरणांच्या पाण्यामुळे कालव्यांच्या कडेला व बागायती रानात ओल टिकत असल्याने पावसाळा सरला तरी त्याची उगवण थांबत नाही.

या गवतावरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्याने उडून त्वचेवर बसले की काही जणांची प्रतिकारशक्ती त्या द्रव्याला शत्रू मानू लागते, आणि वर्षानुवर्षे त्रास न झालेल्या माणसालाही मग थोड्याशा संपर्काने खाज, सूज व पुरळ येते. यालाच वायुवाहित संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत चट्टे उठतात. केवळ उन्हाने होणाऱ्या त्रासात हनुवटीखालचा व कानामागचा सावलीतला भाग बहुधा वाचतो, हवेतील कण मात्र तेथेही पोहोचतात.

निदान न करता दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम रक्तवाहिन्या आकुंचित करून लाली तात्पुरती घालवते; पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, मुरुमे येतात आणि मलम थांबवताच लाली अधिक जोमाने परतते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा चौदा स्टेरॉइडांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत केला, तो याच गैरवापराला आळा घालण्यासाठी. हीच मलमे योग्य ताकदीची, ठरावीक दिवस आणि वैद्यकीय देखरेखीखाली वापरल्यास उपयुक्त ठरतात.

प्रत्येक लाली गवताची नसते. ऊन, तिखट वा गरम पेयाने भडकणारी रोझेशिया, नाकाशेजारी खवले आणणारा सेबोऱ्हिक दाह, आणि सांधेदुखी व तापासह गालांवर उमटणारे ल्यूपसचे चट्टे यांचे उपचार वेगवेगळे आहेत. बधिर चट्टा किंवा जाड झालेली कानाची पाळी दिसल्यास कुष्ठरोगाची तपासणी करावी, कारण त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. गवताची शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चिकटपट्टीची चाचणी करून खात्री करतात.

तोपर्यंत खुरपणीहून आल्यावर चेहरा साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुणे, कपडे बदलणे आणि साधे मॉइश्चरायझर लावणे हिताचे असते. गवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून व अंगभर कपड्यांत, मुळासकट उपटावे. ज्याला आधीच त्रास आहे त्याने मात्र हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, कारण त्रासाचे मूळ दूर झाले नाही तर कोणत्याही मलमाचा गुण टिकत नाही.